करंगळीचा प्रश्न

आमच्या डॉक्टरकाकांइतकं चारचौघांत लोकांना लाजवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत दुसरा झाला नसेल. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत ते इस्पितळात अगदी अत्यवस्थ रोगी सांभाळत आणि राहायला आमच्या शेजारी होते. भेटल्यावर लोक ‘बरं आहे ना?’ म्हणतात, काका ‘लघवी झाली काय?’ म्हणत. माणूस कोण, जागा कुठली, याचा विधिनिषेध नाही. मासळीबाजारात विचारत, देवळाच्या पायरीवर विचारत. एकदा तर अंतरपाटामागं उभ्या असलेल्या नवरदेवाला विचारलं, कारण काय, तर त्याचे ओठ सुकलेले दिसले. माणूस लांब असला तर काका नुसती करंगळी वर करत. शाळेत पोरं त्या करंगळीनं परवानगी मागतात, काकांनी तिचा प्रश्न केला होता. एसटी स्टँडच्या या टोकाला त्यांची करंगळी वर झाली की त्या टोकाला लांज्याच्या गाडीत बसलेले हेडमास्तर मुकाट्यानं मान डोलवत.

मूत्रपिंड म्हणजे त्यांच्या लेखी घरातली सोशिक सून. “ती आपण होऊन कधी रुसत नाय हो,” असं ते सांगत, आणि तेही बहुधा आम्ही जेवायला बसलेलो असताना. “घरात कायतरी घडलेलं असतं. रक्तदाब पडतो, जुलाबांनी अंगातलं पाणी जातं, जंतू रक्तात शिरतात, विष भिनतं. नायतर आम्ही डॉक्टरच भलतं औषध देतो. सुनेला बोल लावू नये, घरात काय झालं ते बघावं.” आमच्या घरच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, हे मुळीच खपत नसे. हळदीकुंकवाला ओटी भरून बायका बसलेल्या असताना काकांनी फाटकातून तिला करंगळी दाखवली, तेव्हापासून वहिनीनं त्यांच्या घरी फणसाचे गरे पाठवणं बंद केलं होतं.

त्याच वहिनीला आंब्याच्या कलमांखालचा पातेरा, म्हणजे वाळका पाला, गोळा करताना फुरसं चावलं. दादानं तिला तडक काकांकडं नेलं. हात खांद्यापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. काकांनी सापाची लस दिली, रक्त चढवलं. रक्त थांबलं तशी आम्ही देवाला हात जोडले, पण काकांचा चेहरा काही उजळेना. ते एकसारखे खाटेखालच्या बाटलीकडं बघत होते. वहिनीला लावलेली लघवीची नळी त्या बाटलीत उतरत होती आणि बाटली कोरडी होती. विष भिनलं होतं, रक्तदाबही पडून गेला होता. काकांनी सांगितलेली दोन कारणं एकदमच घरात शिरली होती. रक्त साफ करणारं यंत्र होतं मुंबईला, आणि घाटाघाटांचा तो रस्ता वहिनीला सोसणार नव्हता.

काका खाटेजवळून हलेनात. सलाइन जास्त झालं तर छातीत पाणी भरेल, कमी पडलं तर सून आणखी रुसेल, म्हणून ते थेंबाथेंबावर नजर ठेवून बसले. वहिनीला बघायला आलेली आत्या पदराआडून म्हणाली, “आता पाणी सोडा हो तिच्यावर.”

काकांनी मान वळवली नाही. “तुम्ही पाणी सोडू नका,” ते म्हणाले. “तिला सोडू दे.”

दादा इस्पितळाच्या आवारात वडाच्या पारावर बसून असे. चहा दिला तर हातात धरून ठेवी, पीत नसे. लग्नाला फार दिवस झाले नव्हते त्यांच्या. एका सकाळी आम्ही असेच बसलो असताना वरच्या गॅलरीत काका आले. हाक मारली नाही. आमच्याकडं बघितलं आणि करंगळी वर केली. सवयीनं मी मान डोलवली, मग लक्षात आलं की या खेपेला काका विचारत नव्हते, सांगत होते. दादाच्या हातातला चहा सांडला. तो पारावरच तोंड झाकून रडला, आणि मलाही आवरलं नाही.

वहिनी घरी आल्यावर पहिला फणस काकांकडं गेला, अख्खा.

पुढं काका निवृत्त होऊन लेकीकडं पुण्याला निघाले. निरोपाला स्टँडवर निम्मं गाव लोटलं होतं. गाडी हलली तशी खिडकीतून एक म्हातारा हात बाहेर आला, करंगळी वर करून. वहिनीनं पदरानं डोळे पुसले आणि हेडमास्तरांसकट सगळ्या स्टँडसमोर, न लाजता, आपली करंगळी वर केली. गाडी वळणाआड गेली तरी तिनं हात खाली घेतला नव्हता.