नलूवहिनींच्या वाटणीच्या चपात्या

रेवस धक्क्याजवळच्या आमच्या नलूवहिनी अमेरिकेला गेल्या त्या लेकीच्या, प्राप्तीच्या, बाळंतपणाला. घरामागे रानगवत होतं, आणि आमच्याकडच्या बाईला गवत दिसलं की त्यात भाजी दिसतेच. वहिनी वाकून वाकून शोधत राहिल्या. भाजी मिळाली नाही, गोचीड मिळाली. मांडीवर ताटाएवढं लाल वर्तुळ उठलं, ताप चढला. तिथल्या डॉक्टरांनी लाइम नावाचा आजार ठरवला, तीन आठवडे गोळ्या दिल्या, वर्तुळ गेलं. बाकी बायका परदेशातून चॉकलेटं आणतात. वहिनींनी गावाला सांगायला आजार आणला.

पण घरी आल्यावर त्या वाळायला लागल्या. सांधे दुखायचे, पोट रोज बिघडायचं. बारा किलो वजन गेलं. प्राप्ती फोनवर ओरडायची, "आई, गोचिडीचे जंतू आत लपलेत. मोठा कोर्सच लागेल!"

अलिबागच्या डॉक्टर शिवानीबाईंना मात्र वेगळीच शंका आली. वहिनींनी तिकडे सहा महिने पाव खाल्ला होता. इकडे आल्यावरही लेकीच्या हुकमाने भात-भाकरी सोडून चपाती धरली होती. रक्त तपासलं, आणि सीलिअॅकचा संशय बळावला. गहू पोटात गेला की अंग स्वतःच्याच आतड्यावर उठतं, तो आजार.

"ह्यो गोचिडीनं झाला काय?" वहिनींचा नवरा, गुणाजी, म्हणाला.

"तसं काहींना वाटतं, पण पुरावा पक्का नाही. दोन्ही आजारांच्या तक्रारी सारख्या, म्हणून घोळ होतो. दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासू. तोवर सहा आठवडे रोज दोन चपात्या खायच्या. गहू सोडलात तर आतडं सुधारेल आणि खरा आजार तपासणीत सापडणारच नाही."

वहिनींनी चार दिवस खाल्लं. पाचव्या दुपारी त्या गुडघे पोटाशी घेऊन लादीवर पडल्या. गुणाजीने उरणच्या बंदरात तीस वर्षं ट्रेलर चालवला, कुणाला बाजू दिली नाही. पण तो उठला, तिच्या ताटातल्या चपात्या आपल्या ताटात घेतल्या आणि आपली तांदळाची भाकरी तिला दिली.

मग हे रोजचंच झालं. जेवायच्या वेळी प्राप्तीचा व्हिडिओ कॉल यायचा. "आई, ताट दाखव." ताट दाखवायचं, फोन ठेवायचा, ताटं बदलायची. गुणाजीला चपाती धुतलेल्या रुमालासारखी लागायची. तरी त्याने सत्तरेक रुमाल गिळले.

दुर्बिणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी विचारलं, "चपात्या चालू आहेत ना?"

"व्हय तर. दोन दोन," वहिनी म्हणाल्या.

वजन केलं. तीन किलो वाढलेलं. पोट कसंय? शांत. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गहू खाऊन सुधारताय, म्हणजे माझीच शंका चुकली बहुतेक. आज काही सापडलं नाही, तर प्राप्तीने मुंबईत डॉक्टर बघितलाय. तो महिनाभर सलाईनमधून गोचिडीचं औषध देणार म्हणतो. मी तरी कोणत्या तोंडाने अडवू?"

गुणाजी बोलायला पुढे सरकला. टेबलाखाली वहिनींनी त्याच्या पायावर पाय दाबला. महिनाभर सुया चालतील, पण ती पोटातली आग नको, असं वहिनींचं ठरलेलं होतं. नर्स दारात आली. "चला मावशी, आत."

वहिनी उठल्या. दारापर्यंत पोचल्या.

"तिनं न्हाय खाल्ल्या!" गुणाजी एवढ्या जोरात बोलला की बाहेरचे पेशंट डोकावले. "चपात्या मी खाल्ल्या, बाई. सगल्या मी. ती भाकरी खाऊन बरी झालीय."

डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, आज दुर्बीण घातली असती, तर मी यांना जन्मभर चुकीच्या आजाराचं पेशंट ठरवलं असतं."

तपासणी दीड महिना पुढे गेली. तोवर वहिनींनी खरोखरच रोज दोन चपात्या खायच्या होत्या. घरात शिरल्यावर त्यांनी परात गुणाजीपुढे आपटली.

"लय खरं बोलायची हौस ना? आता दीड महिना चपात्या तुमी लाटायच्या."

गुणाजीने लाटल्या. एक जाड, एक जळकी. वहिनींनी पहिला घास मोडला, चावला, गिळला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. अर्ध्या तासात कळ यायची, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"तुमी जेवा," त्या म्हणाल्या.

"कळ येऊन जाऊ दे," गुणाजी म्हणाला, आणि बसून राहिला.