गुटगुटीत ठिपके

प्रयोगशाळेत सगळे त्यांना सुईणबाई म्हणत. यीस्टची प्रत्येक तुकडी त्यांच्याच हातून जन्माला येई, म्हणून. बाहेरच्या माणसाला यीस्ट म्हणजे पाव फुगवायची पावडर. इथल्या यीस्टमध्ये मात्र माणसाचा एक जनुक घातलेला होता, आणि त्याच्या जोरावर ते जखमा भरून आणणारं एक प्रथिन तयार करी. ते पुढे मलमात जाई. बाईंचं काम काय, तर ताटलीवर उगवलेल्या यीस्टच्या पांढऱ्या ठिपक्यांतला एक चांगला ठिपका तारेच्या टोकाने उचलायचा आणि बाटलीत वाढीला लावायचा. बाटलीतून छोट्या टाकीत, तिथून मोठ्या टाकीत. सांगायला सोपं आहे, पण बावीस वर्षांत बाईंची एकही बाटली नासली नव्हती. हाताला यश होतं, आणि ते बाईंना पुरेपूर ठाऊकही होतं.

मोठ्या टाकीवर त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा होता. त्याला तिथे चिकटवलं बाईंनीच. माणूस इतका सरळ, की तापमान अर्ध्या अंशाने हललं तरी वहीत स्वतःची चूक लिहून मोकळा होई. बाई चिडवत, "भाऊजी, उद्या वीज गेली तरी माफी तुम्हीच मागाल."

मग ओळीने तीन तुकड्या वाया गेल्या. टाकीत यीस्ट अगदी रंगाच्या डब्यासारखं दाट वाढलेलं, आणि प्रथिन मात्र नावाला. साहेबांनी सरळ हिशेब मांडला. वाढ झक्कास आहे, म्हणजे बाईंचं बियाणं उत्तम. शेवटच्या टप्प्यात यीस्टची नेहमीची साखर संपवून दुसरी साखर सुरू करायची असते, तेव्हाच ते प्रथिन बनवायला लागतं. तिथेच टाकीवाल्याने घोळ घातला असणार. खापर फुटलं आणि भाऊजी घरी बसले. बहिणीने बाईंशी बोलणं टाकलं. नोकरी तू लावलीस, मग सांभाळता का नाही आलं, असा तिचा राग.

बाईंना चैन पडेना. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर त्यांनी ताटलीवरचे दोन ठिपके वेगवेगळे वाढीला लावले. एक नेहमीसारखा गुटगुटीत आणि एक कोपऱ्यातला किरटा. चार दिवसांनी तपासले. प्रथिन असलं की तपासणीच्या जेलवर, त्या पारदर्शक थरावर, निळी पट्टी उमटते. किरट्याची पट्टी ठसठशीत उमटली. गुटगुटीताची जागा कोरी.

कारण कळायला बाईंना क्षणही लागला नाही. नियम असा, की दर तुकडीला मूळ यीस्टच्या गोठवलेल्या साठ्यातली नवी नळी काढायची, आणि ताटलीत एक औषध घालायचं, म्हणजे जनुक टाकून दिलेलं यीस्ट मरतं. पण नळ्या मोजक्याच उरलेल्या. त्या जपायच्या म्हणून बाई दोन वर्षं जुन्या ताटलीवरून नव्या ताटलीवरच यीस्ट नेत होत्या. औषधाने ठिपके खुरटतात, ते काही बघवेना, म्हणून औषधही सोडलं. आणि दर खेपेला उचलला तो सगळ्यांत टपोरा ठिपका. जनुकाचं ओझं झटकलेलं यीस्टच तर भराभर वाढतं. कामचुकारांना निवडून निवडून मोठं केलं होतं, आणि तेही कौतुकाने.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भित्र्या माणसाला सबबी लगेच सुचतात. बाईंना वाटलं, आधी काम रुळावर आणू, मग सवडीने भाऊजींना परत बोलावून घेऊ. त्यांनी गुपचूप नवी नळी काढली, औषध घातलं, किरटे का होईना पण कामाचे ठिपके उचलले. चौथी तुकडी उत्तम निघाली.

पण टाकीवर आता दुसरा माणूस होता. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. "बघा, हात बदलला आणि टाकी सुधारली." बाई शेजारीच उभ्या होत्या. आपण चूक दुरुस्त केली आणि ती दुरुस्तीच भाऊजींविरुद्धचा पुरावा ठरली, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळलं.

रविवारी त्या बहिणीकडे गेल्या. भाऊजी टेबलावर मिक्सर उघडून बसले होते.

"ताई, मी साहेबांना लेखी कबूल केलं," ते म्हणाले. "दुसरी साखर मीच उशिरा सोडली. नीट विचार केला तेव्हा आठवलं. घड्याळसुद्धा डोळ्यांसमोर येतं."

"काही उशीर झाला नव्हता. मी तुमची वही पाहिलीय. वेळ मिनिटाला बरोबर आहे." आणि बाईंनी सगळं सांगितलं. नळ्या, औषध, निवडलेले ठिपके, कोरी पट्टी, त्यानंतरचं गप्प बसणंही.

भाऊजींनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. "तुमचं मन मोठं आहे, ताई. पण माझ्यासाठी खोटं नका बोलू. तुमचा हात कधी चुकलाय का?"

"चुकला. दोन वर्षं चुकत होता."

"राहू दे गं," बहीण म्हणाली. कित्येक दिवसांनी तिने बाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "आमच्यापायी तू कशाला बदनाम होतेस?"

बाईंना तो हात झटकून टाकावासा वाटला. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा पहिल्या ताटलीपासून सांगायला सुरुवात केली, आणि ती दोघं त्यांच्याकडे उपकार झाल्यासारखं बघत राहिली.