गुरुजींनी सुचवलेली कादंबरी

केजच्या बाजारात रामप्रसाद गुरुजींना चुकवून भाजी घेणं अवघड होतं. निवृत्त झाल्यापासून ते भेटेल त्याला पुस्तक सुचवत. जीपचा ड्रायव्हर असो, नाहीतर दाढ दुखते म्हणून गाल धरून बसलेला माणूस, कुणाची सुटका नसे. पुस्तक का वाचायचं, तेही सांगत आणि ते कायम एकच असे: भाषा ओघवती, माणसं ठसठशीत, शेवट काळीज हलवणारा. केळीवाले खाजामियाँ "हाव गुरुजी, वाचतो की" म्हणत केळी पिशवीत टाकून मोकळे होत. खाजामियाँ रोज उर्दू पेपर वाचत, त्यांना मराठी वाचायची सवय आहे का, हे गुरुजींना इतक्या वर्षांत विचारावंसं वाटलं नव्हतं. सुचवणाऱ्याला विचारायचं काय कारण?

त्यांच्या बायकोला, विजयमालाबाईंना, खरं ठाऊक होतं. गुरुजींनी मन लावून एकच कादंबरी वाचली होती, बाकीच्यांची नुसती मलपृष्ठं. ती कादंबरी एका खेड्यातल्या सुनेची. सून सगळ्यांच्या आधी उठते, सगळ्यांच्या मागून जेवते, मार खाते आणि अक्षर न बोलता शेवटच्या पानावर मरते. दर पावसाळ्यात गुरुजी ती वाचत आणि शेवटी रडत. रडून घसा कोरडा पडला की खुर्चीतूनच चहा सांगत. त्या कादंबरीत कुठला पुरुष स्वतःचं ताट उचलत नाही. गुरुजीही उचलत नसत.

हे सगळं बाईंनी चालवून घेतलं असतं. पण आता प्रश्न मुलाच्या, सत्यमच्या लग्नाचा होता. ठिबकच्या नळ्यांचं दुकान बरं चालत होतं, पोरगं निर्व्यसनी होतं, तरी तिशी उलटून गेली होती. दोन ठिकाणी जमत आलेलं फिसकटलं. एका मुलीला गुरुजींनी तिचा आवडता साहित्यप्रकार विचारला. दुसरीला एका कथेचा सारांश सांगायला लावला. पोरगा चांगला हाय पण सासरा परीक्षा घेतो, असं केजपासून शिरूर कासारपर्यंत झालं. ज्या पोरींनी नकार दिला त्यांचा बाईंना राग आला नाही. उलट, आपल्या वेळी ही अक्कल कुणाला का सुचली नाही, असंच वाटलं.

तिसरं ठिकाण लिंबागणेशचं. वैष्णवी फार्मसी शिकलेली, तिचं स्वतःचं मेडिकल होतं. सत्यमनं तिला दुकानातच पाहिलं होतं आणि घसा ठणठणीत असताना महिनाभर घशाच्या गोळ्या आणल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी तो आईला म्हणाला, "आई, हितं न्हाई जमलं तर पुढं मला कुठं नेऊ नका."

बाईंनी गुरुजींकडून कबूल करून घेतलं की पुस्तकाचं नाव काढायचं नाही. गुरुजी दुखावले, पण हो म्हणाले.

पोहे झाले, चहा झाला, पाऊसपाणी झालं. बाईंच्या जिवात जीव येत होता तेवढ्यात मुलीच्या काकांनी, बिभीषणरावांनी, निव्वळ बोलायचं म्हणून विचारलं की गुरुजी, सध्या काय वाचताय.

झालं. गुरुजींनी मांडी बदलली. सून उठली, सून राबली, सुनेनं मार खाल्ला. भाषा ओघवती. गुरुजींचे डोळे भरून आले. "एवढी मोठी कादंबरी, पण ती तोंडातून एक शब्द काढत नाही. तेच तिचं सौंदर्य आहे. अशी बाई आता होणे नाही."

बैठकीतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. सत्यमनं मान खाली घातली.

"ती बोलत का न्हाई?" वैष्णवीनं विचारलं.

"बोलली असती तर कादंबरी पन्नास पानांत आटोपली असती, बाळ."

"मग आटोपायला पाहिजे होती."

आठवीच्या वर्गाला समजवावं तसे गुरुजी त्याग म्हणजे काय ते समजावू लागले. त्यांचं ऐकता ऐकता ती पोर विजयमालाबाईंकडे वळली. "काकू, तुमाला आवडती का ती कादंबरी?"

प्रश्न कादंबरीचा नव्हताच, हे बाईंना कळलं. आपल्या घरात बायकांना काय भोगावं लागतं, ते पोर विचारत होती. हो म्हणावं तर सत्यमचं संपलं. नाही म्हणावं तर पाहुण्यांत नवऱ्याची शोभा. ती शोभा होऊ नये म्हणून त्या सगळा संसारभर जपत आल्या होत्या.

"मी दोनदा वाचली," त्या म्हणाल्या. "नवी नवरी होते तवा लई रडले. सत्यमच्या येळंला वाचली, तवा त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. अन् लिहिणाऱ्याच्याबी. तिला मारायचं त्यानंच अन् रडायचंबी त्यानंच."

गुरुजी "अगं" म्हणाले. त्या थांबल्या नाहीत. आपल्याला एक बारीकसं पुस्तक आवडतं, म्हणाल्या. त्यातली बाई नवऱ्याशी भांडते आणि एकाच वेळेचा स्वैपाक करायला लागते. घर बुडत नाही. नवरा दोन दिवस फुगतो, मग भाकरी थापायला बसतो, वाकड्यातिकड्या थापतो. लिहिणारीनं त्या बाईला देवी केली नाही, मारली नाही, तिच्या तोंडी भाषणही घातलं नाही. म्हणून ती खरी वाटते. "वाचून झालं की झोप चांगली लागती," बाई म्हणाल्या.

वैष्णवी हसली. मग सत्यमला विचारलं, तुमी यातलं कोणतं वाचलंय? सत्यमनं कुठलंच नाही म्हणून सांगितलं. भाकरी मात्र येतात, आई आजारी होती तेव्हा शिकलो, म्हणाला.

परतताना जीपमध्ये गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. घरी आल्यावरही बोलले नाहीत. बाईंना घर पहिल्यांदाच ऐसपैस वाटलं.

दोन दिवसांनी बिभीषणरावांचा फोन आला. मुलीचा होकार होता. लग्नानंतरही मेडिकल तीच चालवणार, एवढं मान्य असेल तर घर बघायला येतो, म्हणाले. गुरुजींचा आवाज एकदम मोकळा झाला. मान्य, मान्य, ते म्हणाले. अखेर साहित्यानंच ही सोयरीक जुळवली, त्या कादंबरीचा परिणाम असाच होतो, लग्नात वऱ्हाड्यांना एकेक प्रतच देऊ...

विजयमालाबाईंनी त्यांच्या कानावरचा फोन काढून घेतला आणि कधी येताय, किती जण, ते विचारलं.