अर्ध्यावर तोडलेले वचन

गेली दोन वर्षे मला प्रार्थना जमत नव्हती. सकाळी उठून हात जोडायचो, ओठ हलायचे, मन मात्र कोरडे राहायचे. वय ब्याऐंशी झाले, तेव्हा ते म्हातारपणाचेच लक्षण असेल अशी मी समजूत घातली होती. तसे नव्हते. माझ्या हातून झालेली एक गोष्ट मध्ये आडवी पडली होती आणि मी तिला वळसा घालून देवाकडे जायला बघत होतो. ती गोष्ट आज लिहितो आहे.

आमच्या चर्चच्या मंडळीत नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेला प्रत्येक जण ताटातून एक चिठ्ठी उचलतो. चिठ्ठीवर बायबलमधले एक वचन असते. ज्याला जे मिळेल ते त्याचे वर्षभराचे वचन. कुणी ते पाकिटात ठेवतो, कुणी कपाटाच्या आरशात खोचतो. माझे अक्षर चांगले म्हणून त्या चिठ्ठ्या एकतीस वर्षे मीच लिहिल्या. चिठ्ठी चार बोटे रुंद, त्यावर जेमतेम दोन ओळी बसत. लांब वचन असले की मी त्यातला सुंदर तुकडा आधी एका वहीत उतरवून घेई आणि बाकीचे सोडून देई. त्यावेळचे पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, मला गमतीने ‘आमचा शिंपी’ म्हणत. मला त्याचा अभिमान वाटे.

मी तेव्हा मंडळीचा चिटणीसही होतो. कौटुंबिक तंटे पंचांपुढे येत, आणि काय ठरले ते मी इतिवृत्तात लिहीत असे. अशाच एका दुपारी माझी धाकटी बहीण कुसुम कापडी पिशवी घेऊन आमच्या येरवड्याच्या घरी आली. तिच्या कानावर पट्टी होती. नवरा मारतो हे आम्हाला ठाऊक होते. त्या दिवशी त्याने जरा जास्त मारले होते. ‘‘दादा, मी आता परत जाणार नाही,’’ एवढेच ती म्हणाली. मी तिला बसवले, पाणी दिले आणि माझ्या वचनांच्या वहीतून बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातले एक वचन चिठ्ठीवर उतरवून तिच्या हातात ठेवले. देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे, एवढेच त्यावर होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तिला बसने मांजरी गावी तिच्या सासरी सोडून आलो. तेव्हा तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. उसामधून जाणाऱ्या पायवाटेवर ती पुढे चालत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिले नाही. इतिवृत्तात मी लिहिले : समजुतीनंतर स्वखुशीने सासरी परत.

नवरा वारेपर्यंत तिने अकरा वर्षे काढली. पुढे मी दर नाताळला फराळाचा डबा घेऊन तिच्याकडे जात असे, पाव तास बसत असे आणि उठत असे. त्या दिवसाबद्दल ती कधी बोलली नाही. मीही नाही.

यंदा आमच्या तरुण पाळकसाहेबांनी मला कुटुंब रविवारच्या खास उपासनेत चार शब्द बोलायला सांगितले. ‘‘तुमच्या पिढीनं संसार टिकवले, काका. पोरांना सांगा जरा.’’ माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याने अक्षर दिसत नव्हते. तपासणीला गेलो तेव्हा बायबल आणि वचनांची वही बरोबर होती. रांग मोठी होती. शेजारच्या खुर्चीवर साठी ओलांडलेल्या एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना म्हटले, ‘‘ताई, एवढं एक वचन वाचून दाखवाल? मलाखी, दुसरा अध्याय, सोळावं. या वहीतही उतरवलेलं आहे.’’

‘‘मी बौद्ध आहे. चालेल ना तुमच्या देवाला?’’

‘‘त्याला चालेल.’’

‘‘मग तुमचं काय विचारायचं,’’ म्हणून त्यांनी पुस्तक घेतले. पान सापडले, पण त्या वाचेनात. ‘‘हे मधूनच कसं वाचू? मी उभा जन्म कोर्टात कारकुनी केली, काका. अर्धा जबाब वाचला की साहेब कागद अंगावर भिरकावायचे. वरून वाचते.’’

आणि त्या अध्यायाच्या सुरुवातीपासून वाचू लागल्या. एकसुरी, कोर्टातल्यासारख्या. लोक वेदीवर रडतात आणि विचारतात, देव आमचे अर्पण का घेत नाही? त्यावर संदेष्टा मलाखी म्हणतो, कारण तुझ्या तारुण्यातल्या बायकोशी तू विश्वासघाताने वागलास आणि देव त्याचा साक्षीदार आहे. मग माझे वचन आले. बाई तिथे थांबल्या नाहीत. कुठे थांबायची रीत आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्याच वाचनात पुढे होते की जुलूम करणाऱ्याचाही देवाला तितकाच तिटकारा आहे.

‘‘हे तर नवऱ्यांना झापलंय,’’ त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझी वही पाहिली. ‘‘तुमच्याकडे पहिलाच तुकडा आहे. पुढे तीन टिंबं दिलीत. बाकीचं कुठं गेलं?’’

‘‘जागा नव्हती,’’ मी म्हणालो.

तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला गेला. मी त्यांचे नावही विचारले नाही. मला पुढचे माहीत नव्हते, असे मी म्हणू शकलो असतो. पण ती टिंबे माझ्याच हातची होती. पुढे काहीतरी आहे हे माहीत असल्याशिवाय कुणी टिंबे देत नाही.

पट्टी निघाल्यावर मी मांजरीला गेलो. ऊस आता फारसा उरलेला नाही, सगळीकडे इमारती झाल्या आहेत. कुसुमचे हृदय थकले आहे, ती बहुतेक पडूनच असते. मी खाटेजवळच्या नेहमीच्या खुर्चीत बसलो आणि मान खाली घालून सगळे सांगितले. फार चांगल्या शब्दांत सांगितले. वर पाहिले तर ती खिडकीकडे बघत होती.

‘‘काही बोललास का? या बाजूनं मला ऐकू येत नाही.’’

इतक्या नाताळांत मी नेहमी त्याच खुर्चीत बसत आलो होतो. तिचा कोणता कान गेला, हे मी कधी विचारलेच नव्हते. मी उठलो, खुर्ची खाटेच्या पलीकडे नेली आणि पुन्हा सांगितले. या वेळी चांगले शब्द आले नाहीत.

‘‘मला तेव्हाच माहीत होतं, दादा,’’ ती म्हणाली. ‘‘तू चिठ्ठी दिलीस त्या संध्याकाळीच मी तुझ्या बायबलात अख्खा अध्याय वाचला. मलाही वाचता येतं.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘काय बोलायचं? तुझ्या घरात मला जागा नव्हती, तेवढं कळलं. ते वचन नसतं तर तू दुसरं शोधलं असतंस.’’

ते खरे होते. चिटणिसाची बहीण नवरा सोडून आली, असे लोक म्हणतील याची मला भीती होती. वचनाच्या आड मी ती भीती लपवली होती.

मग तिने विचारले, ‘‘मंडळीच्या वहीत काय लिहिलंस माझं?’’

‘‘स्वखुशीने परत.’’

ती हसली, हसता हसता तिला धाप लागली. ‘‘तेवढं नीट कर,’’ ती म्हणाली. ‘‘आणि चहा ठेव. मला उठवत नाही.’’

कुटुंब रविवारी मी तो अध्याय सुरुवातीपासून वाचला आणि हे सगळे मंडळीपुढे सांगितले. कुणी नंतर म्हणाले, या वयात कशाला उकरून काढलेत. पाळकसाहेबांच्या संमतीने जुन्या नोंदीखाली मी माझ्या हाताने लिहिले : ती स्वखुशीने गेली नव्हती, मी तिला पाठवले. अक्षर आता थरथरते. ‘पाठवले’ पुढे मी पूर्णविराम दिला.

कुसुमने क्षमा केली असे ती म्हणालेली नाही आणि मी विचारत नाही. त्या अनोळखी बाईंसाठी मी रोज देवाचे आभार मानतो. ती प्रार्थना मात्र मला जमते. एकतीस वर्षे देवाने कुठे थांबायचे हे मी ठरवत होतो. आता दर गुरुवारी बसने मांजरीला जातो, खाटेच्या पलीकडच्या बाजूला बसतो आणि बायबल उघडून अध्यायाच्या पहिल्या ओळीपासून वाचू लागतो. कुसुम ‘पुरे’ म्हणेपर्यंत वाचतो.