गरम इंजिनाचं माप

“थंड इंजिन कुणाचंबी शाणंच असतंय, पावणं. तापल्यावर कसं वागतंय ते सांगा,” असं म्हणत मेस्त्री पालथा हात एक्झॉस्टच्या नळीजवळ नेत आणि टेकायच्या जरा अलीकडे थांबवत. तेवढ्यावरून त्यांना काय कळे, ते मला कधी समजलं नाही. मी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. हातानं मोजलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही.

उद्यमनगरात त्यांचा गाडीदुरुस्तीचा गाळा होता. मूळचे हुपरीचे, घरी चांदीच्या पैंजणांचं काम. भाऊ चांदीत राहिले, हे इंजिनात आले. वय पासष्टीच्या पुढे. डोक्यावरची टोपी पांढरी आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी त्यांच्याकडे गेलो ते वडिलांच्या गाडीसाठी. आप्पांची ती जुनी, परदेशी, आठ सिलिंडरची लांबलचक गाडी. दर भाऊबीजेला ते ती घेऊन कोडोलीला थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे जात. मी मेस्त्रींकडे गेलो त्याच्या तीन वर्षं आधी ती आक्काच्या दारातच अडली. इंजिन तापलेलं, स्टार्टर नुसता कण्हत होता. शेवटी गल्लीतल्या नऊ जणांनी ढकलत बाहेर काढली. आप्पा स्टिअरिंगला, मान खाली. त्यानंतर ते कोडोलीला गेले नाहीत. माझ्या गाडीतून चला म्हटलं की म्हणायचे, “बहिणीच्या दारातनं ढकलत निघालोय मी. जाईन तर त्याच गाडीनं, न्हायतर न्हाई.”

आप्पा तेव्हा ब्याऐंशीचे. आक्का शहाऐंशीची, अंथरुणाला खिळलेली. मला आकडेमोड आवडते, पण ही वजाबाकी करवत नव्हती.

जुना स्टार्टर मोठा, इंजिनाचा तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या ओतीव मॅनिफोल्डला खेटून बसलेला. मॅनिफोल्डला तडाही गेला होता. म्हणून मी वाचून, तुलना करून नव्या बनावटीचा लहान स्टार्टर आणि मॅनिफोल्डच्या जागी वळणदार नळ्यांचे हेडर मागवले. मेस्त्रींनी खोकी उघडली आणि म्हणाले, “आदी स्टार्टर, मग हेडर. नळ्या बसल्या की खालचा बोल्ट हाताला लागत न्हाय.”

स्टार्टरचा दात फ्लायव्हीलच्या दातात किती खोल बसतो, हे बघायला ते चांदीची तार वापरत. तुम्ही मेस्त्री पुष्कळ पाहिले असतील, पण कुणाच्या हत्यारांच्या पेटीत चांदी पाहिलीय का? ती भावानं हुपरीत ओढून दिली होती. माझ्या व्हर्नियरवर बरोबर एक मिलिमीटर भरली.

“लोखंडाची का नको?” मी विचारलं.

“ती कडक. दाबलं तरी काय सांगत न्हाय. चांदीवर दात उमटतोय बगा.”

तार त्यांनी तीनदा घातली, तीनदा उजेडात धरली, मध्ये एक पातळ पत्री सरकवली आणि मगच बोल्ट आवळले.

नळी आणि स्टार्टर यांच्यात नऊ मिलिमीटर जागा राहिली. मी कारखान्यातून एक उष्णतारोधक पत्रा वाकवून आणला होता. स्टार्टरवर तो असा बसला, जणू साच्यातूनच काढलाय. मेस्त्रींनी पत्रा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, टोपी मागे सारली आणि हेडर चढवले.

गाडी शिरोलीपर्यंत पळवून आणली, बंद केली आणि पंधरा मिनिटं थांबलो. बंद केल्यावरच उष्णता आत मुरते, म्हणून ते नेहमी तेवढं थांबत. मी किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला. तोच आवाज, आक्काच्या दारातला.

“तुमची मापं बरोबर हाईत की,” मेस्त्री शांतपणे म्हणाले. “पर पत्रा स्टार्टरला चिकटलाय. मधनं वारं कुठनं जाणार?”

“तुम्हाला दिसत होतं, मग बोलला का नाही?”

“तुमचं तोंड बगितलं की. लई खूश हुता.”

दिवसभर केलेलं काम त्यांनी पुन्हा खोललं. गरम नळ्या निवू दिल्या, हेडर उतरवले, पत्रा स्टार्टरपासून चार मिलिमीटर अंतरावर धरणारे दोन खूर बनवले आणि सगळं परत चढवलं. कुरकुर नाही. पुढचे चार दिवस रोज तापवून, थांबून तपासलं. चारही दिवस गाडी एका झटक्यात सुरू झाली.

“पाचव्या दिवशी काय हुईल त्ये मी सांगत न्हाय,” ते म्हणाले. “मी येतो संगट कोडोलीला.”

आप्पांना सांगितलं तर ते भडकले. “मेस्त्री घिऊन बहिणीकडं जायाचं? म्हंजे बंद पडणार हे घरनंच कबूल करून निघायचं व्हय?”

मेस्त्रींना निरोप दिला. ते हसले. “बरोबर हाय त्यांचं.”

भाऊबीजेला आप्पा आणि मी, दोघंच गेलो. आक्कानं आप्पांचा हात धरला तो चाळीस मिनिटं सोडला नाही. दोघं फारसं बोललेही नाहीत. निघताना ती म्हणाली, “गाडी आणलीस न्हवं? खिडकी उघडा, मला ऐकू दे.” आप्पांनी किल्ली माझ्याकडे दिली नाही. स्वतः बसले. माझी नजर गल्लीतल्या माणसांवर गेली; मी नकळत मोजायला लागलो.

गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

आक्का त्याच थंडीत गेली. गेल्या वर्षी मेस्त्रीही गेले. त्यांच्या गाळ्यात आता टायरचं दुकान आहे.

आक्काकडून निघालो त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आप्पांनी पानासाठी गाडी थांबवली होती. मी उतरलो, तर पानवाला म्हणाला, “तुमचंच एक पावणं आलतं की स्कूटरवरनं. मळक्या टोपीचं. उन्हात हुबं हुतं मगापासनं. सावलीला या म्हटलं, तर म्हणालं, नगं, हितनं आवाज चांगला येतोय. गाडी सुरू झाली तसं गेलं बगा.”