सुशीलाताईचा रविवारचा डबा

माझी मोठी बहीण सुशीलाताई गेली त्या सकाळी मी नातेवाइकांच्या आधी कॅम्प-१ या वस्तीत फोन केला. रविवार होता. तिकडे सुखदेव आणि त्याची बायको जेवायला तिची वाट पाहत बसले असते. सुखदेव म्हणजे ज्याच्या ट्रकखाली जामुलच्या रस्त्यावर ताईचा एकुलता एक मुलगा सुमित गेला, तो. दारू प्यायलेला नव्हता, डुलकी लागली होती. शिक्षा भोगून तो पुन्हा कॅम्पातच राहायला आला.

सुमित गेल्यावरही ताईनं चर्च सोडलं नाही. पण प्रभुभोजनाच्या दिवशी प्रभूच्या बलिदानाची खूण म्हणून वाटल्या जाणाऱ्या भाकरीचं ताट बाकावरून सरकत तिच्यापाशी आलं की ती काही न घेता ते पुढे द्यायची... वर्षानुवर्षं. बायका कुजबुजायच्या. शेवटी पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "सुशीलाबाई, कृपा फुकट असते. लायकी पाहून मिळत नाही."

ताई वांगी चिरत होती. "मले फुकट हाय जी. ज्यानं देल्ली त्याले फुकट पडली का? मनात त्या माणसाले रोज ट्रकखाली घालून राहिली, अन् इथं हात पसरू?"

पाळकसाहेबांनी चहा संपवला आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. मला तेव्हाही तिचा अभिमान वाटला. लोकांना बरं वाटावं म्हणून तिनं कधी काही केलं नाही.

सुखदेव सुटल्याचं कळलं, त्याच्या पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ती डबा घेऊन माझ्या स्कूटीवर बसली. "कॅम्पात चाल." मी सुखदेवच्या दाराशीच उभी राहिले. तिला पाहून सुखदेव भिंतीला टेकला. त्याच्या बायकोनं विचारलं, "भांडाले आल्या का जी?"

"जेवाले आली. ताट मांड."

त्याचा हात पानाकडे जाईना. ताई म्हणाली, "जेव. मलेही घास उतरून नाही राहिला. तरी जेवून राहिली न."

परतताना पॉवर हाउसपाशी तिनं स्कूटी थांबवायला लावली आणि खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं. "पुढच्या रविवारी भाजीत तिखट कमी घालतो."

मग ती जातच राहिली. एका प्रभुभोजनाला ताट तिच्यापाशी आलं, थांबलं... आणि तिनं तुकडा उचलला. बाकीची मंडळी माना खाली घालून बसली होती. मी पाहिलं. इतक्या ताठ मानेनं हात पसरलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी मात्र सुखदेवच्या घरात कधी पाऊल टाकलं नाही. सुमितला मी कडेवर खेळवलं होतं. ताईनं आग्रहही केला नाही. "तुह्या वाट्याचं तू पाह्य," एवढंच म्हणायची.

परवा सुखदेवची बायको दारात आली. शेवटच्या रविवारचा ताईचा डबा त्यांच्याकडेच राहिला होता. रिकामा कसा आणायचा, म्हणून त्यात मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, शेंगांची भाजी होती. मी तो दारातच घेतला. ती निघाली, तेव्हा गल्लीच्या टोकाशी सुखदेव उभा दिसला. तो पुढे आला नाही.

आलेला डबा आमच्याकडेही कुणी रिकामा परत करत नाही. घासून ओट्यावर पालथा घातला आहे. उद्या रविवार. वांगी आणली आहेत. तिखट बेतानंच घालीन.