सोबतीची परीक्षा

तुम्ही हसणार हे मला ठाऊक आहे, तरी सांगतो. कारण मी नाही सांगितलं तर बायको सांगेल, आणि ती सांगायला बसली की पँटीपासूनच सुरुवात करते.

मी नळदुर्गजवळच्या एका गावात शाळेत क्लार्क आहे. माझी मुलगी शीतल त्या वर्षी बारावीला होती आणि वकील व्हायचं तिनं पक्कं केलं होतं. बारावीनंतर वकिलीचं पाच वर्षांचं शिक्षण असतं, पण त्याला आधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिथं मार्क चांगले पडले तर पुण्याचं कॉलेज. माझी परीक्षेला ना नव्हती. पुण्यालाही तशी नव्हती. पण पोरगी एकटी जाणार हे मला पटत नव्हतं. आमच्या घरातली पोरगी तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघाली तरी सोबत एक मोठं माणूस असतं. लग्नाला सोबत, दवाखान्याला सोबत. आमच्या आत्यानं तर शेजारच्या गल्लीत हळदीकुंकवाला जायलाही आयुष्यभर सोबत घेतली.

एके दिवशी जेवताना शीतलनं विषय काढला.

"अण्णा, परीक्षेला मी एकटी जाऊन आले तर पुण्याला पाठवाल का?"

"एकटी कशाला? मी हाय की," मी म्हणालो.

ती ताटातली भाकरी तशीच ठेवून उठली. शहाण्या माणसाला यातून काहीतरी कळलं असतं. मला काय कळलं? की पोरीला सोबत हवी आहे, पण बोलायला लाजते आहे.

आता माझी अडचण ऐका. मागं भाच्याच्या परीक्षेला मी लातूरला गेलो होतो. पालकांना गेटच्या आत पाऊल ठेवू देत नाहीत. बाहेर उन्हात उभं राहायचं आणि बंद गेटकडं बघत बसायचं. आत पोराला चक्कर आली, तहान लागली, कुणी काही बोललं, तर बाहेर कुणाला कळणार? असली कसली सोबत?

शीतलचा फॉर्म भरताना माझी नजर माहितीपुस्तकावर गेली. वयाची अट कुठंच नव्हती. बारावी पास असला की कुणीही बसा. आणि बारावी मी पास आहे, तिसऱ्या खेपेला का असेना. मग माझ्या डोक्यात वीज चमकली म्हणा, नाहीतर डोकं फिरलं म्हणा. पालक म्हणून आत सोडत नाहीत ना? मग परीक्षेलाच बसू. गेट बंद झालं तरी बाप आतमध्येच.

मी दुसरा फॉर्म भरला. माझ्या नावाचा. केंद्र दोघांचंही धाराशिव मागितलं. बायकोनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

इथंपर्यंत गोष्ट घरातली घरात होती. पण परीक्षेच्या दिवसासाठी रजा टाकली आणि अर्जात कारण खरं लिहिलं. खरं बोलण्याची हौस माणसाला कुठं नेऊन घालते बघा. मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मग उठून माझा हातच हातात घेतला. म्हणाले, या वयात ही जिद्द, ही पोरांना दाखवली पाहिजे.

आमच्याकडं सत्काराला फक्त निमित्त लागतं. शाल शाळेच्या कपाटात कायम तयार असते, आणि त्या कपाटाची किल्ली माझ्याकडंच असते. म्हणजे माझ्या सत्काराची शाल मीच काढून दिली. अख्खी शाळा मैदानात बसवली होती. नारळ दिला, हार घातला, आणि मग म्हणाले, दोन शब्द बोला.

काय बोलणार होतो मी? पोरीवर राखण ठेवायला फॉर्म भरला, असं माईकवर सांगू? लहानपणापासून वकील व्हायचं माझं स्वप्न होतं, असं मी ठोकून दिलं. एकदा थाप सुरू झाली की तिला ब्रेक नसतो. कोर्टाची पायरी चढताना काळा कोट घातलेला मी स्वप्नात बघतो, इथंपर्यंत मी गेलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका मॅडमनी डोळे पुसले.

आणि मग हॉलतिकीट आलं.

शीतलचं केंद्र धाराशिव, सकाळची वेळ. माझं केंद्र सोलापूर, त्याच दिवशी, दुपारची वेळ.

मी कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसलो. एक उत्तरेला, एक पश्चिमेला. सोबतीसाठी सोबतच सुटली. माझी परीक्षा बुडवून शीतलबरोबर जावं म्हटलं, तर दहावीची पोरं रोज अभ्यास कुठवर आला विचारत होती. मुख्याध्यापकांनी स्वतःचा पेन दिला होता, कॉम्प्युटरवरच्या परीक्षेसाठी. बायकोला म्हटलं तू जा, तर म्हैस आजउद्या व्यायला झालेली.

"तिची ती जाईल की," बायको म्हणाली. "तुमी तुमचं बघा. सपन हाय न्हवं तुमचं लहानपणापासून?"

शीतल दारात उभी राहून हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती, हे मी बघितलं आणि मला त्याचाच राग आला.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच ती गेली. मी सोलापूरच्या गाडीत बसलो आणि तिला फोन करत सुटलो. कुठं पोचली, शेजारी कोण बसलंय, पाणी घेतलं का. शेवटी ती म्हणाली, "अण्णा, आता फोन बंद करती. आत बोलावलंय." पेपर झाल्यावर तिचाच फोन आला. पेपर सोपा गेला म्हणाली. मी म्हटलं, कुठं थांबू नको, तुळजापूरला गाडी बदल आणि सरळ घरी जा.

मग माझी पाळी आली. केंद्राच्या गेटवर रखवालदारानं मला हातानं अडवलं.

"पालकांनी रस्त्याच्या पलीकडं थांबायचं."

मी हॉलतिकीट दाखवलं. त्यानं फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मागं रांगेत सगळी शीतलच्या वयाची पोरंपोरी. ती मला पुढं सोडत होती, बसमध्ये म्हाताऱ्याला जागा देतात तशी.

पुढं तपासणी. तिथला माणूस हातातलं यंत्र माझ्या अंगावरून फिरवू लागला. कमरेजवळ आलं की यंत्र कोकलायचं. बेल्ट काढला. पुन्हा कोकललं. तेव्हा आठवलं, शाळेच्या कपाटाची किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधलेली होती. वर्षानुवर्षांची गाठ, सुटते कशाची? शेवटी त्यानं ब्लेडनं करदोडाच कापला. बेल्ट गेला, करदोडा गेला, आता पँट कुणाच्या भरवशावर राहणार?

"हे आणि मोबाईल सोबतच्या माणसाकडं द्या," तो म्हणाला.

"सोबत कोण न्हाय."

त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. खरंच काळजीनं बघितलं. "या वयात एवढ्या लांब एकटं कशाला आलात, काका?"

मी एका हातानं पँट धरून रस्ता ओलांडला आणि झाडाखाली बसलेल्या एका बाईंच्या हातात बेल्ट, किल्ली, मोबाईल सगळं दिलं. त्यांचा मुलगा आत होता. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पिशवीत ठेवून दिलं. परक्या शहरात परक्या माणसावर मी डोळे मिटून भरवसा टाकला. पोटच्या पोरीवर टाकायला जीवावर येत होतं. तेव्हा हे सुचलं नाही, तेव्हा सगळं लक्ष पँटीकडं होतं.

पेपर एका हातानं दिला, दुसरा गुंतला होता. एका प्रश्नात एकाची म्हैस दुसऱ्याच्या शेतात शिरून पीक खाते, आणि जबाबदार कोण असं विचारलं होतं. आमच्याकडं असल्या वेळी दोघांना बसवून चहा पाजतात आणि मिटवतात. तो पर्यायच दिला नव्हता. मग मला घरची म्हैस आठवली, ती व्याली असेल का याचा विचार करत बसलो, आणि पेपर संपला.

बाहेर आलो, तर पालकांच्या गर्दीत सगळ्यात पुढं शीतल उभी. हातात माझा बेल्ट.

झालं असं की तुळजापूरला उतरून तिनं मला फोन केला, तो त्या बाईंनी उचलला. म्हणाल्या, तुमचा माणूस आत गेलाय, बेल्ट माझ्याकडं आहे, जरा घाबरल्यासारखा दिसत होता. शीतलनं नळदुर्गची गाडी सोडली आणि सोलापूरची धरली. माझ्यासाठी पाण्याची बाटली घेतली, केळी घेतली, आणि दुपारभर गेटबाहेर उन्हात उभी राहिली.

मी पोचलो तेव्हा कुणीतरी पालक तिला विचारतच होते, आत कोण आहे, भाऊ का?

"न्हाय, वडील," ती म्हणाली. "पेपर कसा गेला, अण्णा? पाणी प्या आधी."

सगळी गर्दी माझ्याकडं बघायला लागली. मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, तिला बघून इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पुसता येईना, कारण हात पँटीला होता.

परतीच्या गाडीत तिनं मला खिडकीजवळ बसवलं.

यथावकाश निकाल लागला. शीतलला पुण्याचं कॉलेज मिळालं. माझे मार्क विचारू नका. या परीक्षेत नापास कुणी होत नाही, एवढाच काय तो दिलासा. मुख्याध्यापक पुन्हा सत्काराला निघाले होते, मी किल्ली हरवली म्हणून सांगितलं.

ती पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी मी माझीही पिशवी भरायला घेतली. म्हटलं, तुला सोडायला येतो.

"या की," शीतल म्हणाली. "पण अण्णा, परत येताना तुमच्यासोबत कोण?"

मी हसलो. बायको हसली नाही. तिनं आत जाऊन भावाला फोन लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे मेव्हणा पिशवी घेऊन दारात हजर. पुण्यापर्यंत आम्ही तिघं गेलो, आणि येताना त्यानं मला सांभाळून घरी आणलं.